तीन पावलांची रेघ

आमचे दाजी जे वाद्य वाजवतात त्याला ते हात लावत नाहीत. हे वाक्य मी आजवर पुष्कळ लोकांना समजावून सांगितलंय आणि बहुतेकांनी "मग वाजवतात कशानं?" असं विचारलंय. काहींनी विचारलंही नाही, नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांचं माझ्याबद्दलचं मत आधीच झालेलं होतं.

तर एक लाकडी पेटी असते. तिच्या उजव्या अंगाला तांब्याची उभी नळी आणि डाव्या अंगाला तांब्याचंच आडवं कडं. आत विजेचं काहीतरी. उजवा हात नळीच्या जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्यावर खाली आणला की आवाज बारीक होतो, वर उचलला की मोठा. ना पट्ट्या, ना तारा, ना भोकं. समोरच्या मोकळ्या हवेत 'सा' कुठे आहे आणि 'रे' कुठे, हे फक्त वाजवणाऱ्याच्या कानाला ठाऊक. परदेशात याला थेरेमिन म्हणतात. दाजींच्या गावात 'रडकी पेटी' म्हणतात. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजींची बायको, नुसतं 'ते' म्हणते. "ते पुसून घेते", "त्याच्यावर काही ठेवू नकोस", वगैरे.

त्या पेटीची एक खोड आहे. तिला हात आणि माणूस यातला फरक कळत नाही. कोणीही जवळ आलं की तिला वाटतं, हातच आला, आणि सूर चढतो. म्हणून दाजी वाजवायला उभे राहिले की त्यांच्याभोवती तीन पावलांवर रांगोळीची गोल रेघ मारायची आणि आत कोणाला येऊ द्यायचं नाही, असा नियम होता. रेघ मारायचं आणि राखायचं काम माझं. मी एका लहानशा वर्कशॉपमध्ये खरेदी बघतो. नट-बोल्ट देणाऱ्यांशी घासाघीस करण्यात हयात गेली. कलेशी माझा संबंध आला तो एवढाच, एका रेघेइतका.

दाजी चाकणजवळच्या खेड्यातले. घरची शेती, आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं शिक्षण, आणि मग तीसेक वर्षं एका कारखान्यात, पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, मेंटेनन्सला. तिथे दिवसभर पत्र्यावर हातोडा पडावा असे आवाज. तिथल्या लोकांशी घरीही ओरडूनच बोलावं लागतं. आमच्या दाजींचं उलटं होतं. ते हळू बोलायचे आणि त्यांना शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर कोणत्या सुरात लागतो तेही कळायचं. कोणती प्रेस बिघडणार हे ते आवाजावरून आदल्या दिवशी सांगत.

मोबाइलवर त्यांनी कधीतरी हे वाद्य पाहिलं आणि डोक्यात घेतलं. कंपनीत मशिनरी येते त्या पाइनवुडच्या खोक्याच्या फळ्या, फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडची तांब्याची नळी, आणि बाकी सामान कुठून कुठून आणून पेटी उभी केली. पहिलं वर्ष ती नुसती विव्हळली. गावी सुट्टीत वाजवली तेव्हा शेजारची म्हातारी पदर खोचत दारात आली आणि ताईला हळूच विचारू लागली, "कोन गेलं गं?"

तो शकुन होता म्हणायचं. कारण दाजींची कारकीर्द सुरू झाली ती दहाव्याला.

त्यांचे चुलते वारले. नदीच्या घाटावर दशक्रिया होती. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. ऊन चढलेलं. सेकंड शिफ्टवाले घड्याळ बघायला लागले. घरच्यांनी "तुमच्या म्हशी नीट सांभाळू", "धाकटीचं लग्न लावून देऊ" असं सगळं कबूल करून झालं. कावळा झाडावर बसून ऐकत होता, खाली यायचं नाव नाही. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "राव, तुमची ती पेटी हाय न्हवं गाडीत? आप्पांना लई आवडायची."

दाजींनी रिक्षाच्या बॅटरीवर पेटी लावली आणि चुलत्यांच्या आवडीच्या अभंगाची चाल वाजवली. मी तोवर पेटीची थट्टाच केलेली होती. पण त्या दिवशी घाटावर, हवेत कुठेही हात न टेकता तो माणूस सूर असा घसरत घसरत नेत होता आणि नेमका हवा तिथे थांबवत होता, की जणू गेलेला माणूसच काहीतरी सांगायचं राहिलं म्हणून परत आलाय. कावळा उतरला.

झालं. "यांचं वाजलं की कावळा लगेच शिवतो," अशी पंचक्रोशीत कीर्ती झाली. आळंदीपासून चिखलीपर्यंत बोलावणी यायला लागली. मी स्वतःची मॅनेजर म्हणून नेमणूक केली. कार्डं छापली, त्यावर दाजींचा फोटो आणि माझा नंबर, नंबर जरा मोठा. घाटावर पुढे होऊन रांगोळीची रेघ मारायची आणि "मागं सरा, भाऊ, मागं सरा, सूर बिघडतो" असं ओरडायचं. मला ते फार आवडायचं. खुद्द आमदारांना मी एकदा दोन पावलं मागे सरकवलं होतं. हे मी अजूनही सांगतो, बघा.

दाजी पहिल्या शिफ्टवरून आले की रोज दोन तास भिंतीकडे तोंड करून वाजवायचे. हातातलं घड्याळ काढायचं, अंगठी काढायची, पाय रोवायचे. श्वासानं छाती हलली तरी सूर हलतो, म्हणून श्वास कुठे घ्यायचा हेही बसवलेलं. ताई म्हणायची, "तुझे दाजी आवंढासुद्धा सुरात गिळतात." चार-पाच वर्षांत ते असे तयार झाले की डोळे मिटून ऐकलं तर कोणी बाई गातेय असं वाटे.

पण त्यांच्या मनात एक सल होता. एका दहाव्यावरून परत येताना गाडीत म्हणाले, "पाव्हणं, आता मानसांनी ऐकावं असं वाटतंय. कावळ्यानं किती दिस ऐकायचं?"

मी म्हणालो, "दाजी, तुम्ही फक्त वाजवा. बाकी माझ्यावर सोडा."

त्यांनी सोडलं.

चिंचवडच्या एका नाट्यगृहात जगावेगळ्या वाद्यांचा कार्यक्रम ठरला. मी ओळखी काढून, फोन करकरून दाजींना त्यात अर्धा तास मिळवून दिला. दिल्लीहून एक बाई ऐकायला येणार होत्या. परदेशात अशा वाद्यांचा मेळावा भरतो, त्यासाठी त्यांना इथून एक वादक निवडायचा होता. दाजींनी महिनाभर एकच गोष्ट बसवली. शेवटी एक सूर होता, सगळ्यात वरचा. तिथे हात नळीपासून बोटभर अंतरावर नेऊन नुसता उभा ठेवायचा. "तितं हलला हात की संपलं," ते म्हणायचे. पासपोर्टसाठी फोटो काढायलाही ते एकटेच जाऊन आले होते. हे मला ताईनं नंतर सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी रंगमंचावर रेघ मारली. नाट्यगृहवाले रांगोळी नको म्हणाले म्हणून चिकटपट्टीची. दाजींनी सूर जुळवून घेतले. मग निवेदक माझ्या कानात म्हणाले, "वादन संपल्या संपल्या सत्कार, वेळ घालवायचा नाही. ताट तयार ठेवा."

आता सत्कार म्हटलं की आमच्यातला प्रत्येक माणूस कामातून जातो. शाल, श्रीफळ, फेटा, गुच्छ, आणि मुख्य म्हणजे फोटो. फोटोत जो ताट धरतो तो कायम मधे येतो. मी ताईचं पितळी ताट घेतलं, मोठं, परातीएवढं. त्यात सगळं मांडलं आणि दाजींच्या पाठीमागच्या काळ्या पडद्याच्या फटीशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे वादन संपताक्षणी पहिला मी. अंतर दीड पाऊल. रेघेच्या आत. पण मधे पडदा होता ना! माझ्या हिशेबी पडदा म्हणजे भिंत. ज्या माणसानं आमदाराला मागे सारलं, त्याला कापडाच्या पलीकडे आपण स्वतः उभे आहोत हे दिसलं नाही.

वादन सुरू झालं आणि सूर पहिल्यापासून चढा लागला. दाजींनी हात मागे घेऊन सावरला. माझा डावा गुडघा दुखतो, मी भार उजव्या पायावर टाकला. सूर उतरला. त्यांनी हात पुढे नेला. ताट जड, मी ते जरा वर उचललं. सूर परत चढला. मी पडद्यामागे कळवळत होतो, "काय झालं आज यांना!" आणि कळवळताना माणूस स्थिर राहत नाही, पुढे-मागे होतोच. शेवटचा तो वरचा सूर आला तेव्हा मी फटीतून बघायला वाकलो, आणि तो सूर किंचाळला. दाजींनी हात खाली घेतला.

टाळ्या पडल्या. आपल्याकडे पडतातच. मी ताट घेऊन पडद्यातून पहिला बाहेर आलो. फोटोत मी मधोमध आहे.

नंतर त्या बाई हळू आवाजात मला हिंदीत म्हणाल्या, की हात फार सुंदर आहे, पण सूर सारखा का हलत होता? मला वाटलं, दाजींना सांभाळून घ्यावं. मी म्हणालो, "मॅडम, तीस साल प्रेस शॉप में काम किया है. कान का थोडा प्रॉब्लेम है." बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली आणि वही मिटली. मी वळलो तर मागे दाजी. फेटा बांधलेला, शाल खांद्यावर, नारळ हातात.

परत येताना चिखली आली तेव्हा त्यांनी फेटा उतरवून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तुमाला कवापासून कळत व्हतं?"

"काय?"

"कानाचं."

मी काय बोललो ते आठवत नाही. "तसं नाही हो दाजी," एवढंच असेल.

दुसऱ्या दिवशी ताईनं फोन माझ्याकडे दिला. तिनं प्रेक्षकांतून सगळं चित्रित केलेलं होतं, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं होतं. टाकण्याआधी मी बघितलं. दाजी उभे आहेत, मागे काळा पडदा, आणि पडद्यात एक फुगवटा. गोल, परातीएवढा. फुगवटा पुढे आला की सूर चढतो, मागे गेला की उतरतो. शेवटी फुगवट्याच्या वर आणखी एक लहान फुगवटा येतो. ते माझं डोकं.

मी सोफ्यावर बसून ते तीनदा बघितलं. दाजी आत अंघोळ करत होते. तेव्हाच उठून दारावर थाप मारून सांगायला हवं होतं, की दाजी, तुमचा कान सोन्यासारखा आहे, गाढव मी आहे. बाईंना फोन करता आला असता. त्या दिवशी त्या पुण्यातच होत्या. मी व्हिडिओ पुसला. ताईला म्हणालो, "मेमरी फुल होती बहुतेक, निघून गेलं."

ती म्हणाली, "जाऊ दे. तसंही काय बघायचं होतं त्यात."

पुढच्या आठवड्यात सांगू असं ठरवलं. मग त्यांचा राग निवळला की सांगू. राग तर नव्हताच, तेच वाईट होतं. दाजी पिंपरीला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. प्रेस शॉपमधल्या माणसाचा तपासणीचा कागद जसा येतो तसाच आला: वरचे आवाज जरा कमी ऐकू येतात. डॉक्टर म्हणाले, या कामात हे चालायचंच. दाजींनी त्यातलं पहिलंच वाक्य घरी आणलं. पेटी कोपऱ्यात गेली. ताईनं तिच्यावर जुन्या साडीचं कव्हर शिवलं. दहाव्याची बोलावणी आली की मी परस्पर "तब्येत बरी नाही" असं सांगायचो. खोटं बोलायची सवय लागली की ते कामासारखं होतं, तक्रार राहत नाही.

अशी चार वर्षं गेली. दर भाऊबीजेला मी त्या घरी जाऊन जेवत होतो आणि पेटीकडे पाठ करून बसत होतो. दाजी रिटायर झाले.

यंदाच्या भाऊबीजेला गेलो तर कव्हर काढलेलं. ताई म्हणाली, "एका कॉलेजचे सर आज न्यायला येणार आहेत, लॅबमध्ये मुलांना दाखवायला. कोणाच्या तरी उपयोगी पडेल." दाजींनी पेटी चालू करून ठेवली होती. बंद वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मेंटेनन्सवाल्याच्या तत्त्वात बसत नाही. पेटी गप्प होती. कोणी जवळ नसलं की सूर पार तळाला जातो आणि ती गप्पच असते. ताईनं पाट मांडला, पूर्वेकडे तोंड येईल असा, पेटीपासून हातभर अंतरावर. मी बसल्यावर पेटी बारीक गुरगुरली. ताई हसली, "बघ, तुला ओळखलं त्यानं."

मग तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि दिवा ठेवलेलं ताट ओवाळायला घेतलं. तेच ताट. ते पेटीच्या बाजूला गेलं की "ऊंऽऽ" असा सूर वर चढायचा, इकडे आलं की उतरायचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. ताईला हसू आवरेना. "अगं बाई, औक्षणाला बँड!" मीसुद्धा हसलो. तोंडानं.

दाजी हसले नाहीत. ते खुर्चीतून उठले.

"थांब जरा," ते ताईला म्हणाले. "ताट ठेव खाली. आता नुसता हात फिरव."

सूर थोडासाच हलला.

"आता ताट घे. मागं जा. आनखी मागं. आता पुढं ये."

बिघाड शोधताना ते कंपनीत कसे दिसत असतील ते मला त्या दिवशी कळलं. चेहऱ्यावर काही नाही, नुसता कान. ताई ताट घेऊन मागे-पुढे होत होती आणि पेटी तिच्याबरोबर चढत-उतरत होती. दाजींनी ताटाकडे बघितलं.

"त्या दिशी सत्काराचं ताट कुटं व्हतं?"

"ह्याच्याकडं होतं की," ताई म्हणाली. "तूच नेलं होतंस ना रे?"

माझ्या कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, मांडी घालून पाटावर. कबुली द्यायला याहून हास्यास्पद जागा नसेल.

"मी पडद्यामागे उभा होतो, दाजी," मी म्हणालो. "ताट घेऊन. तुमच्या पाठीशी. दीड पावलावर."

"कवापासून?"

"सुरुवातीपासून. फोटोत यायला." मग उरलेलंही बाहेर आलं. "ताई, मेमरी फुल नव्हती. मी बघितलं आणि पुसलं."

ताईची तिसरी फेरी व्हायची होती. तिनं ताट जमिनीवर ठेवलं. दिवा तसाच जळत होता.

दाजी म्हणाले, "चार वर्सं." मग, "आवो पाव्हणं, मी गावाकडं भजनात बसायचं सोडलं. आपल्या पायी दुसऱ्याचा सूर मोडंल म्हनून. देवळाच्या भाईर बसून ऐकायचो."

हे मला माहीत नव्हतं. मला त्यांचं परदेश हुकलं एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यावरच मी चार वर्षं झोपेच्या तक्रारी करत होतो.

"दाजी, मी—"

"तुमी खाली जावा."

"दाजी..."

"राग न्हाई. म्हंजे हाय, लई हाय, पर त्ये मागनं बघू. आदी मला बघू द्या, कान हाय का न्हाई. तुमी असताना कळायचं न्हाई. खाली जावा. आन तू सैपाकघरात हो गं."

मी तीन जिने उतरून पार्किंगमध्ये आलो. ओवाळणीचं पाकीट खिशातच राहिलं होतं. वॉचमननं माझं कपाळ बघितलं.

वरून आवाज यायला लागला. आधी नुसतं खालचं घुमणं, चाचपडणं, अंधारात बटण शोधावं तसं. मग 'सा' सापडला आणि टिकला. मग तीच चाल, त्या दिवसाची. मी स्कूटरला टेकलो होतो तो सरळ उभा राहिलो, उगाचच, गुडघा न हलवता. शेवटचा वरचा सूर जवळ आला तेव्हा मी श्वाससुद्धा घेतला नाही. सूर चढला आणि उभा राहिला. नुसता उभा. मग थांबला, आणि दाजींनी तीच जागा पुन्हा घेतली. मग पुन्हा. खात्री होत नसावी.

त्या बाईंना मी त्यानंतर पत्र लिहिलं, सगळं खरं. उत्तर आलेलं नाही, आणि मेळाव्याची माणसंही आता वेगळी असतील. ते गेलं ते गेलं. दाजी माझ्याशी बोलतात, कामापुरतं. ताई त्याहून कमी.

पण त्या दुपारी, ते चौथ्यांदा त्या सुराकडे निघाले असताना, एक गृहस्थ स्कूटर लावून फ्लॅटचा नंबर विचारत जिन्याकडे आले. कॉलेजचे सर.

मी जिन्याच्या तोंडाशी आडवा झालो.

"थांबा, सर. वर जायचं नाही."

त्यांनी माझ्या कपाळाकडे, मग वर बघितलं. "का? कोणी आजारी आहे का?"

"नाही. वाजवतायत. सूर बिघडतो."

"अहो, तिसऱ्या मजल्यावर आहेत ना ते?"

"हो," मी म्हणालो. "तरी थांबा."